म्हसूनं तोंड उघडलं

माझा नवरा म्हसू एकावन्नाव्या वर्सी ख्रिस्ती झाला. यंदाच्या, म्हंजी दोन हजार धाच्या उन्हाळ्यात मुळा नदीच्या पान्यात त्याला उभं केलं, पाळकानं डोक्यावर हात ठिऊन बुडवलं आन् वर काढलं. त्याला बाप्तिस्मा म्हनत्यात. मी काठावर उभी व्हते, कपडे धरून. वाडीतल्या बाया मला आजूनबी इचारत्यात, कोंडाबाई, त्या लोकांनी काय दिलं गं तुमाला? मी म्हनते, काय दिलं न्हाई बायांनो, मुका नवरा नेला आन् बोलका आनून दिला. हसत्यात मेल्या. बोलका नवरा काय असतो ते त्यास्नी ठावं न्हाई.

आमी धनगर. कासार आंबोलीच्या वरल्या अंगाला आमची वाडी, अकरा उंबऱ्यांची. मेंढरं, शेरडं, थोडं भात, आन् बाकीचं खालच्या बंगल्यांवर रोजानं. म्हसूचे आईबाप तो लहान आसतानाच गेले. त्याला वाढवला थोरल्या भावानं आन् वैनीनं. ही वैनी म्हंजी माझी थोरली जाऊ, रंभाबाई. ती नवरी हून आली तवा म्हसू आठ वर्साचा व्हता. त्याला न्हाऊ घालनं, त्याच्या उवा काढनं, भाकर चुरून देनं, सगळं तिनं केलं. तिला सोताला लेकरू व्हायला वीस वर्सं लागली. मंग तुळजा झाली, आन् पोरगी पाच वर्सांची आसताना थोरले दीर तापानं गेले.

माझं आन् रंभाबाईचं पटायचं न्हाई. खोटं कशाला बोलू? म्हसू काय बी करायचं झालं की आधी वैनीला इचारायचा आन् मग मला सांगायचा. कालवनात मीठ कमी पडलं तरी तिच्याकडं बघायचा. नवी नवरी व्हते तवा सोसलं, पन धा धा वर्सं कोन सोसंल? ती वाईट न्हवती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

आता आमच्यात एक रीत हाय. सकाळी मेंढरं रानात निघत्यात तवा वाडग्याच्या, म्हंजी मेंढरं कोंडायच्या कुंपनाच्या, तोंडाशी नवरा मेलेल्या बाईनं उभं ऱ्हायचं न्हाई. मेंढराकडं बघून 'गोजिरं हाय' बी म्हनायचं न्हाई, डोळा लागतो म्हनत्यात. रंभाबाईनं ती रीत पाच वर्सं पाळली. मेंढरं निघायच्या टायमाला ती घरामागं जाऊन बसायची. अठ्ठ्यान्नव सालच्या वैशाखात एका सकाळी एक कोकरू फटीतनं भायेर आलं. ती पुढं झाली, त्याला उचललं, वाडग्यात सोडलं, आन् तितंच उभं ऱ्हाऊन म्हनली, कसलं गोड हाय गं. मी भांडी घासत व्हते, मी बघितलं आन् ऐकलं.

त्या दिवशी चाळीस मेंढरं रानात गेली आन् तेरा माघारी आली.

म्हसू सांजच्याला आला तो रडतच. म्हनला, वढ्याच्या काठानं चालता चालता पडाय लागली, तोंडाला फेस, पाय झाडले आन् गेली. एका तासात सत्तावीस. मी इचारलं काय खाल्लं? म्हनला, काय न्हाई, डोंगरावरच व्हती, रोजच्या जागी. त्याच्या तोंडाला दारूचा वास व्हता, पन तो तर रोजच असायचा. गुरांच्या डाक्टरला कोनी बोलावलं न्हाई. खड्डे खनून पुरली. त्या सत्तावीसात निम्मी तर रंभाबाईच्या वाट्याची व्हती, तिच्या नवऱ्याच्या हिश्श्याची. पन हे कोनाच्या टाळक्यात आलं न्हाई. माझ्या बी न्हाई.

मंगळवारी देवरुषी आनला. त्यानं तांदूळ मांडले, घुमला, आन् म्हनला, भायेरचं कोनी न्हाई, घरातल्याच बाईचा डोळा हाय. सगळी वाडी आमच्या वट्यावर जमलेली. मंग मी बोलले. कोनी मला इचारलं न्हवतं, माझी मी बोलले. त्या दिवशी सकाळी जाऊबाई वाडग्याच्या तोंडाशी उभ्या व्हत्या, कोकराला गोड म्हनल्या, मी ह्या कानांनी ऐकलं.

रंभाबाईनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. ती म्हसूकडं बघत व्हती. म्हनली, "म्हसू, तू तरी बोल." म्हसू भितीला टेकून बसलेला, मान खाली घालून पायाचं बोट मातीत फिरवत व्हता. एक शबुद बोलला न्हाई. तिनं पुन्यांदा म्हनलं न्हाई. तिचं गठुडं मी भायेर टाकलं, माझ्या हातांनी. धा वर्साची तुळजा रडत व्हती आन् रंभाबाई तिला घिऊन उतारानं खाली गेली. मला तवा बरं वाटलं, हे बी सांगते.

त्याच्यानंतर म्हसू जो प्यायला लागला तो आठ वर्सं. आधी सांजचा प्यायचा, मंग सकाळपासनं. मला मारायचा न्हाई, बोलायचा बी न्हाई. कोपऱ्यात बसायचा न्हाईतर रानात पडायचा. मेंढरं एकेक करून गेली, हातात नऊ शेरडं राह्यली. आमचा पोरगा मल्हार शिकला थोडाफार आन् हिंजवडीला कंपनीच्या गाडीवर डायवर म्हनून गेला, तो बापाचं तोंड बघायला नको म्हनून दिवाळीलाच यायचा. मी म्हनायचे, मेंढरं गेल्याचं मनाला लावून घेतलंय ह्यानं. आन् मनातल्या मनात रंभाबाईला शिव्या घालायचे, की तुझ्या डोळ्यापायी माझा संसार बुडाला.

दोन हजार सहाला त्याचं पोट फुगलं आन् डोळे हळदीवानी पिवळे झाले. पौडच्या डाक्टरनं हात झटकले. मल्हारनं त्याला एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. तितं आशालता नावाच्या सिस्टर व्हत्या, नगरकडच्या, ख्रिस्ती. भुकूमला नव्या बिल्डिंगीत ऱ्हायच्या. मला शेरडांपायी रोज थांबता यायचं न्हाई, तर त्याच त्याला पेज भरवायच्या, त्याचं हागनं-मुतनं काढायच्या. मी म्हनलं बाई पगार घेत्यात, करतील. पन त्या डुटी संपल्यावर बी त्याच्या खाटंपाशी बसायच्या.

पंधरा दिवस त्यांनी देवाचं नाव काढलं न्हाई. मंग म्हसूनंच इचारलं, सिस्टर, तुमी माझ्या उशाशी काय पुटपुटता? त्या म्हनल्या, तुमच्यासाठी प्रार्थना करते, तुमचं नाव घिऊन. म्हसू म्हनला, मी काय केलंय ते तुमाला ठावं न्हाई म्हनून घेताय नाव. सिस्टर म्हनल्या, मला ठाऊक नाही, पण ज्याच्याजवळ घेते त्याला ठाऊक आहे. हे मला म्हसूनंच लई दिवसांनी सांगितलं. म्हनला, कोंडे, त्या दिवशी मला पहिल्यांदा भ्या वाटलं आन् पहिल्यांदाच झोप बी लागली.

तो जगला. दारू सुटली ती सुटलीच. आन् दर आयतवारी भुकूमला जाऊ लागला, प्रार्थनेला. आदी मी काय बोलले न्हाई, पीत न्हाई तर जाऊ दे म्हनलं. पन मानूस बदलाय लागला की घरातल्याला सोपं नसतं. हा सकाळी उठून आंघोळ करायचा, चूल पेटवायचा, माझ्या हातातली घागर घ्यायचा. जेवायच्या आधी डोळे मिटून बसायचा. मला एकदा म्हनला, कोंडे, दमलीस का? वीस-पंचवीस वर्सांच्या संसारात पहिल्यांदा इचारलं असंल. मी म्हनलं, मेल्या, आता इचारतोस? कंबर मोडल्यावर? तर हसला. त्याचं ते हसनं बघून मला रडूच आलं, आन् रडू आलं म्हनून राग आला.

मंग बिरोबाच्या जत्रेला त्यानं बोकडाच्या वाटनीला हात लावला न्हाई. अंगारा लावून घेतला न्हाई. देव्हाऱ्यातले देव मी लपवून ठिवले, हा पान्यात टाकील म्हनून, पन त्यानं कधी हात लावला न्हाई. म्हनला, ते तुझे हायेत, मी कोन टाकनार? तरी वाडीनं आमच्याकडं येनं सोडलं. लग्नाची हळद आली तर आमच्या दारावरनं पुढं जायची. झऱ्यावर आमची शेरडं सगळ्यांच्या शेवटी. मी म्हसूला तोंडाला येईल ते बोलायचे. तो ऐकून घ्यायचा. ऐकून घेनाऱ्या मानसासंगं भांडून बघा एकदा, जीव नकोसा हुतो.

पन एक गोष्ट मला कळंना. इतकं सगळं सोसून बी हा बाप्तिस्मा घेत न्हवता. तीन वर्सं झाली. पाळक म्हनायचे, म्हसूबा, आता काय आडलंय? सिस्टर म्हनायच्या. हा एकच सांगायचा, माझं एक काम राह्यलंय.

मागल्या सालच्या दिवाळीनंतर ते काम मला कळलं. दुपारची येळ, मी सुपात तांदूळ पाखडत व्हते. हा माझ्यापुढं येऊन बसला, मांडी घालून. म्हनला, "कोंडे, मेंढरं डोंगरावर न्हवती. खालच्या शेतात कडवळ कापलं व्हतं, त्याला नवं फुटलेलं. मी पिऊन आंब्याखाली पडलो व्हतो. उठलो तवा सगळी त्याच्यात व्हती."

ज्यानं जनावरं राखली न्हाईत त्याला सांगते. कडवळ म्हंजी चाऱ्याची ज्वारी. कापल्यावर जे इतभर कोवळं फुटतं ते उन्हाळ्यात इख असतं. आमचं शेंबडं पोर बी त्याच्यात जनावर जाऊ देत न्हाई. म्हसूनं मेंढरं हाकलून वढ्यापर्यंत नेली, म्हंजी शेतात मेली हे कोनाला दिसू नये. धनगराच्या पोरानं पिऊन मेंढरं कडवळात घातली, हे तोंड तो कोनाला दाखवनार व्हता? आन् मंग देवरुषी आला, मी बोलले, आन् त्याला पळवाट मिळाली.

मी सूप फेकून मारलं. तांदूळ घरभर. मंग हाताला येईल ते मारलं. तो बसून राह्यला. मी म्हनलं, माझ्या हातांनी तिला भायेर काढवलीस तू, आन् अकरा वर्सं मला तिला शिव्या घालू दिल्यास. तवाच सांगितलं असतंस तर? तो म्हनला, तवा सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मी त्याला वाडीपुढं बोलू दिलं नसतं. ते त्याला बी ठावं व्हतं आन् मला बी.

पुढच्या आठवड्यात बिरोबाच्या देवळापुढं जत्रेची बैठक व्हती. हा मधी जाऊन उभा राह्यला आन् सगळं सांगितलं. कडवळ, दारू, वढा, सगळं. म्हनला, वैनी निर्दोष हाय, तिला वाडीत परत आनायची, तिचं घर मी बांधून देतो. मला वाटलं आता ह्याला दगडं मारनार. कुठली दगडं! लोक हसले. एक म्हातारा म्हनला, ह्यास्नी शिकवत्यातच असं, आपला देवरुषी खोटा म्हनायला. दुसरा म्हनला, रंभीनं ह्याच्यावर बी केली की करनी, न्हाईतर चांगला बिरोबाचा मानूस बाटला कसा? म्हसू दोन दोनदा सांगत राह्यला, येसूची आन घेतली, तर आनखी हसले. जवा तो दारू पिऊन पडलेला खोटारडा व्हता तवा त्याच्या गप बसन्यावर सगळ्यांनी इस्वास ठिवला. आता खरं बोलतोय तर कोनी ऐकंना.

घरी आल्यावर म्हनला, वाडी ऱ्हाऊ दे, वैनीला तरी सांगायचं. मंग मला कळलं की ती कुठं ऱ्हाती ते त्याला ठावं हाय. भुकूमलाच, रस्त्याकडंच्या रोपांच्या नर्सरीमागं, पत्र्याच्या खोलीत. तीन वर्सं हा आयतवारी तिच्या खोलीवरनं जात व्हता, तोंड चुकवून, रस्त्याच्या पलीकडच्या कडंनं. सिस्टर म्हनल्या, मी येते संगती. हा म्हनला, नको, मीच केलंय, मीच जातो. मी म्हनलं, एकटा न्हाई केलंस. आन् मी बी निघाले.

डिसेंबरातला दिवस. यष्टीनं गेलो. खोलीच्या दारात तुळजा भेटली, आता चांगली बाई झालेली. तिनं आमाला वळखलं आन् दारातच आडवी उभी राह्यली. मंग म्हसूचं तोंड बघून काय वाटलं कोन जानं, बाजूला झाली. आत रंभाबाई भितीकडं तोंड करून बसलेली, पदर नाकापर्यंत वडलेला. सुतळ्या वळत व्हती, हातानं चाचपून. मला वाटलं आंधळी झाली. आंगनात चार वर्साची एक पोरगी मातीत खेळत व्हती. तुळजाची लेक, समीक्षा.

म्हसूनं हळूच इचारलं, डोळे गेले का वैनीचे? तुळजा म्हनली, "डोळे चांगले हायेत. आई कोनाकडं बघत न्हाई. माझी पोरगी जल्मल्यापासनं आईनं तिचं तोंड बघितलेलं न्हाई. तिचा डोळा लागंल म्हनती."

त्या क्षनी मला जागच्या जागी मरावं वाटलं. आमी म्हनत व्हतो आमी तिला घराभायेर काढलं. ती तितनं बी लांब गेली व्हती, सोताच्या नातीपासनं बी.

म्हसू तिच्या पायावर पडला. लहान पोरावानी हमसून रडत त्यानं सगळं सांगितलं. रंभाबाई सुतळी वळत ऐकत व्हती. मंग हात थांबले. म्हनली, म्हसू, तू हायेस व्हय? आवाज म्हातारा झालाय तुझा. आन् त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, चाचपून. पुढं म्हनली, तू लहानपनापासनं असाच. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेतोस. मी बघितलं व्हतं त्या कोकराकडं. लई गोड व्हतं. मीच खाल्ली मेंढरं, तू कशाला घेतोस?

तो म्हनला, न्हाई वैनी, कडवळ व्हतं, कडवळ. धा येळा म्हनला. तिला ते कळत व्हतं, धनगराचीच बाई ती. पन अकरा वर्सं जे उराशी धरलं ते एका दुपारत कसं सुटनार? म्हसू उठला, समीक्षाला आंगनातनं आनलं, तिच्यापुढं उभी केली. म्हनला, बघ वैनी. माझ्या येसूची आन, काय हुत न्हाई. बघ एकदा. रंभाबाईनं पदरावरनं दोन्ही हात डोळ्यांवर दाबून धरले.

"मेंढरं चाळीस व्हती, म्हसू," ती म्हनली. "ही एकच हाय."

मंग मला बघ, म्हसू म्हनला. माझ्याकडं बघ, मग तर कळंल? ती म्हनली, तू आता त्या देवाचा झालास, तुला तो राखील. तुझ्यावरनं काय कळनार? तिचं म्हननं चुकीचं न्हवतं. म्हसूचे हात खाली पडले. ज्या देवापायी त्याला खरं बोलायचं बळ आलं, त्याच देवापायी त्याच्या खऱ्याचा उपेग राह्यला न्हाई. त्याचं तोंड मला बघवंना.

मी पुढं सरकले. मी कोनाची झालेली न्हाई. माझे देव देव्हाऱ्यातच हायेत, गळ्यात बिरोबाचा ताईत हाय. मी म्हनलं, "जाऊबाई, मंग माझ्याकडं बघा. तुमचं गठुडं मी टाकलं. डोळा लागायचा तर मला लागू द्या."

मंग तिनं हात काढले. पदराचा काठ धरला आन् हळूहळू वर घेतला. हनुवटी दिसली, गाल दिसले, सुरकुत्या पडलेले. मला सगळं ठावं व्हतं. कडवळ ठावं व्हतं, वढा ठावा व्हता, देवरुषी खोटा हे बी ठावं व्हतं. तिचे डोळे वर आले, आन् माझी मान फिरली. आपोआप फिरली. हात गळ्यातल्या ताईतावर गेला.

एवढंच झालं. एका क्षनात मी पुन्यांदा तोंड वळवून तिच्याकडं बघितलं, पन तवर तिनं बघायचं ते बघितलं व्हतं. तिला राग आला न्हाई. पदर परत नाकापर्यंत वडला आन् समजुतीच्या आवाजात म्हनली, "बघ. तुला बी ठावंच हाय की."

तुळजानं पोरीला आजीच्या समोरनं उचललं आन् शेजारच्या घरी निऊन सोडलं. माघारी येऊन तिनं चा टाकला. रंभाबाई म्हनली, गार व्हायच्या आत घ्या, यष्टी गाठायची असंल तुमाला. आमी चा घेतला. काय करनार, घेतला.